थांब्याची फळी

गल्लीच्या टोकाला, जिथं रस्ता आता संपणार असं वाटतं आणि तो गुपचूप डावीकडे वळतो, तिथं एक जुनं गॅरेज होतं. पत्र्याचं दार ढकलून आत गेलेल्या माणसाला आधी नुसती अडगळ दिसायची. बोथट कात्र्या, वाकलेले चमचे, सायकलच्या चेनी, पंख्यांची पाती, नळाच्या तोट्या, किल्ल्या हरवलेली कुलपं. मग डोळे सरावले की लक्षात यायचं, त्या अडगळीतून कुणीतरी आपल्याकडे बघतंय. कात्रीची चोच पुढं काढून बसलेला खंड्या. चमच्यांची पिसं फुगवलेलं घुबड. वर तुळईवर चेनीच्या शेपट्या खाली सोडून बसलेले दोन पोपट.

हे सगळं करणाऱ्या माणसाला लोक पाखरवाला म्हणायचे. त्याचं खरं नाव विजेच्या बिलावर होतं आणि बिल सोडलं तर ते कुणीच वापरत नव्हतं. तरुणपणी तो कारखान्यात वेल्डर होता. आठवडाभर पाइपाला पाइप जोडायचा आणि सुटीच्या दिवशी तळ्याकाठी जाऊन बगळे बघत बसायचा. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी कपाळाला हात लावला, ह्यानं पहिलं पाखरू केलं. पाखरू तळ्यावर सापडतं आणि त्याची हाडं भंगारात, असं तो म्हणायचा. हळूहळू लोक ती पाखरं मागायला लागले. बागांमध्ये, शाळांच्या फाटकांवर ती जाऊन बसली. कुणी त्याला कलावंत म्हटलं की त्याची बायको लगेच म्हणायची, "असतील तुमच्यासाठी. घरी नळ गळतोय आठवडाभर, तो काही कलेनं थांबत नाही."

बायको कपडे शिवायची. तिला अख्खी गल्ली मावशी म्हणायची, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या कमरेचा घेर तिला तोंडपाठ होता आणि दरवर्षी तो कुणाचा किती वाढला हे ती कधी कुणाला सांगायची नाही, म्हणून तिच्याकडे गर्दी. घरात खिडकीशी तिचं मशीन होतं. पायानं चालवायचं, जुनं, काळंभोर. खाली बिडाचे पाय, त्यांना वेलबुट्टीची जाळी. वरच्या लाकडी फळीच्या कडेला तिनं खिळ्यानं मापाच्या रेघा ओढून ठेवल्या होत्या, सारखी टेप शोधायला नको म्हणून.

त्या मशीनवर पाखरवाल्याचा डोळा होता. ही काही लपवायची गोष्ट नव्हती, घरातली जुनी थट्टाच होती. मशीनची वळलेली मान त्याला पाण्यात बघणाऱ्या बगळ्याची मान दिसायची. सुईची दांडी म्हणजे चोच. पायांची जाळी म्हणजे मिटलेले पंख. जेवताना त्याची नजर खिडकीकडे गेली आणि घास हातातच राहिला, की मावशी म्हणायची, "लागलं का बकध्यान? मी आहे तोवर हा मासा गावायचा नाही हं." लेक लहान होती तेव्हा शाळेत सांगून आली होती की आमची आई बगळ्याला कापड भरवते.

आता त्या फळीबद्दल सांगायला हवं, म्हणजे गॅरेजातल्या. दाराला लागून भिंतीवर एक लांब फळी होती, तिला थांब्याची फळी म्हणायचे. कुणी वस्तू आणून दिली की ती थेट कामाच्या टेबलावर जायची नाही, आधी या फळीवर बसायची. मग पाखरवाला देणाऱ्याला विचारायचा, "परत लागणार नाही ना?" काही दिवस जाऊ द्यायचा आणि पुन्हा विचारायचा. आणखी काही दिवसांनी तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा 'नाही' आलं तरच ग्राइंडर सुरू व्हायचा. लोक हसायचे. "अहो, गंजकी झारी ती, तिच्यासाठी किती चौकशा!" पण तो ऐकायचा नाही.

ही रीत त्याची नव्हती, मावशीची होती. फार वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीतले एक मास्तर किटली घेऊन आले होते. बायको नुकतीच गेलेली. "घ्या, मला नको डोळ्यांपुढं," म्हणाले. चार-आठ दिवसांनी तेच मास्तर दारात येऊन उभे राहिले आणि चाचरत म्हणाले, ती किटली परत मिळेल का. तोवर किटलीचं बदक झालं होतं. मास्तरांनी बदकाकडे बघितलं, "छान झालंय," म्हणाले आणि निघून गेले. पुन्हा ते त्या बाजूला कधी फिरकले नाहीत.

मावशी त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, "माणूस पहिल्यांदा देतो ते रागानं देतो. दुसऱ्यांदा विचारलं की शब्द फिरवायची लाज वाटते, म्हणून देतो. तिसऱ्यांदा देतो ते खरं. तुम्ही तीनदा विचारत जा." तेव्हापासून फळीवरच्या कितीतरी वस्तू आपापल्या घरी परत गेल्या. एकानं तर वडिलांचा वस्तरा तिसऱ्या वेळी मागून घेतला आणि दारातच रडायला लागला. पाखरवाल्याला अशा वेळी वाईट वाटायचं नाही. पाखरू पुन्हा करता येतं, असं तो म्हणायचा.

मग मावशीला झटका आला. सकाळी कापड बेतता बेतता कात्री हातातून गळाली आणि ती उचलायला वाकलेली मावशी उठलीच नाही. जीव वाचला, बोलणं वाचलं, पण उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर पाय हळूहळू काठीच्या आधारानं चालायला लागला. हात मात्र परक्या माणसाच्या वस्तूसारखा मांडीवर पडून असायचा. ती डाव्या हातानं तो उचलायची, इकडून तिकडे ठेवायची.

लेक येऊन राहून गेली. तिनं नुकतंच नवीन घर घेतलं होतं आणि त्या घराला मोठमोठ्या खिडक्या होत्या. तिथले पडदे आईनं शिवायचे असं आधीच ठरलेलं. निळं कापड आणून पेटीत घडी करून ठेवलं होतं. लेक जाताना म्हणाली, "आई, पडद्यांची काळजी करू नको. सध्या जुन्या चादरी लावल्यात, चालतंय." मावशी म्हणाली, "चादरी? लोक काय म्हणतील, शिवणारणीच्या लेकीच्या खिडकीला चादर!"

त्या बोलण्यानं तिला चेव आला असावा. काही दिवसांनी एका दुपारी ती काठी टेकत मशीनवर जाऊन बसली. पाखरवाला घरातच होता. पाय कसाबसा चालला, पट्टा हलला, चाक फिरलं. पण कापड धरून पुढं सरकवायला उजवा हात उठेना. डाव्यानं ओढायला गेली तर कापडाचा बोळा सुईखाली अडकला. तिनं तो हिसडून काढला, फाटला. मग ती मशीनवर अशी काही भडकली की जणू इतकी वर्षं ते तिच्याशी दगा करायची वाट बघत होतं.

"न्या हे धूड माझ्या डोळ्यांपुढून! करा तुमचा बगळा एकदाचा!"

"खरंच नेऊ?" त्यानं विचारलं.

"हो म्हटलं ना!"

इथं कुणीही शहाणा नवरा गप्प बसला असता. चहा टाकला असता, फाटलेलं कापड उचलून ठेवलं असतं, संध्याकाळ होऊ दिली असती. आमच्या पाखरवाल्यानं हातगाडी आणली. दिवस मावळायच्या आत मशीन गॅरेजात होतं, आणि फळीवर नाही, तर थेट कामाच्या टेबलाशी. एवढं मोठं मशीन फळीवर मावत नाही, हे एक कारण त्यानं स्वतःला सांगितलं. घरच्या माणसाला काय तीनदा विचारायचं, हे दुसरं. तिसरंही एक होतं, पण ते त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात, ते काही उगाच नाही.

आणि खोटं कशाला बोलायचं, ते दिवस त्याचे फार सुखाचे गेले. नव्या वाचनालयाच्या आवारासाठी त्याला एक मोठं पाखरू सांगितलेलं होतंच. तो पहाटे तळ्यावर जायचा, राखी बगळा पाण्यात कसा उभा राहतो, वजन कुठल्या पायावर टाकतो, मान आत ओढताना गळ्याखाली केवढी पोकळी पडते, ते बघायचा आणि तसाच गॅरेजात यायचा. बीड हा मोठा मानी धातू. घाईनं डाग दिला की तडकतो. आधी नीट तापवायचा, थोडा थोडा जोडायचा, आणि मग राखेत पुरून ठेवायचा, म्हणजे तो आपल्या मर्जीनं निवतो. पुन्हा सोडवायला मात्र तो तयार नसतो. सांधा सोडवायला जावं तर सांध्याशेजारीच फुटतो. पाखरवाल्यानं एकेक सांधा लेकराला झोपवावं तसा राखेत निजवला. बगळा उभा राहिला तेव्हा त्याच्या पायाखाली मशीनचीच लाकडी फळी होती. आयुष्यात आपल्या हातून एवढं चांगलं काही झालं नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

इकडे घरी व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण यायला लागली होती. तरुण होती, बोलकी होती. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "मावशी, या हातानं काय करायचंय तुम्हाला?"

"पडदे शिवायचेत."

"मग हा घ्या," म्हणून तिनं एक लाल रबरी चेंडू मावशीच्या तळहातावर ठेवला. "हा दाबला गेला की पडदे शिवले जातील."

मावशी तो चेंडू घेऊन बसायची. सकाळी चहाच्या वेळी, दुपारी, लेकीशी फोनवर बोलताना. बोटं हलायची नाहीत, ती नुसती त्यांच्याकडे रागानं बघायची. पाखरवाला तिच्याजवळ बसायचा, बगळ्याचा विचार करायचा आणि "येईल, येईल," असं म्हणायचा. त्या म्हणण्यात काही जीव नव्हता, हे तिच्या लक्षात आलं नसेल असं समजायचं कारण नाही.

एका सकाळी त्यानं चहाचे कप आणून ठेवले तर ती म्हणाली, "बघा." उजव्या हाताची बोटं चेंडूभोवती हळूहळू आवळली. रबराला जेमतेम खळी पडली. तिच्या कपाळावर घाम होता.

"दिसलं का?"

"दिसलं," तो म्हणाला. त्याला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्या आनंदाच्या आधी भीती येऊन बसली.

"आता मशीन घरी आणा. आणि हो, तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंच नाहीत मला. मी वाट बघत होते. म्हटलं, विचारतील तेव्हा सांगू, परत लागणार आहे म्हणून." ती हसली. झटक्यानंतर ती पहिल्यांदाच अशी तोंडभर हसली होती. "विसरलात ना? परक्यांचं बरं लक्षात राहतं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "फळीपाशी आहे. जरा तेलपाणी करून आणतो."

मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं त्याचं झालं. आज म्हणे चाक अडकतंय. उद्या म्हणे पट्टा झिजलाय, नवा मिळत नाही. परवा हातगाडीवाला आला नाही. आजचं मरण उद्यावर ढकलत तो भंगारबाजार पालथा घालत हिंडला. एका ढिगाऱ्यात त्याला अगदी तसंच मशीन सापडलं, तोच काळा रंग, तीच वेलबुट्टी. त्यानं आशेनं चाक फिरवून बघितलं. ते गुरगुरलं. ज्या आवाजावर त्याची लेक लहानाची मोठी झाली, ज्या आवाजात तो दुपारी सुखानं डुलक्या काढायचा, तो हा नव्हता. मावशीला डोळे बांधून बसवलं असतं तरी तिनं ओळखलं असतं. तो ते मशीन तसंच सोडून आला.

लेकीला त्यानं फोनवर सांगितलं.

"बाबा, आईला माहीत नाही अजून?"

"उद्या सांगतो."

"उद्या नको. आत्ता घरी जा आणि सांग."

तो घरी गेला. मावशीनं पलंगावर निळं कापड पसरलं होतं आणि उजव्या हातात खडू धरून ती त्यावर रेघ मारत होती. रेघ वेडीवाकडी जात होती, मावशी ती डाव्या हातानं पुसत होती आणि पुन्हा मारत होती. "पहिलीच आहे," ती त्याला म्हणाली, "हसू नका." कापडाचं दुसरं टोक त्यानं ताणून धरलं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी गॅरेजचं दार करकरलं. मावशी होती. एका हातात काठी, खांद्याला पिशवी, पिशवीत निळं कापड. झटका आल्यापासून ती गल्लीच्या टोकापर्यंत पहिल्यांदाच आली होती, आणि एकटी. धाप लागली होती, पण चेहऱ्यावर शाळेतून पळून आलेल्या मुलीसारखा खट्याळपणा होता.

"तुमचा हातगाडीवाला काही येत नाही. म्हटलं, आपणच जावं. इथंच बसून शिवते."

तिनं आधी फळीकडे बघितलं. फळीवर एक गंजकी झारी होती, एक बंद पडलेलं घड्याळ, कुणाची तरी तुटकी कुबडी. मशीन नव्हतं. मग तिची नजर गॅरेजच्या मध्यावर गेली, जिथं उजेड पडत होता. बगळ्याकडे तिनं बघितलं नाही. बगळ्याच्या पायांखालच्या फळीकडे बघितलं. फळीच्या कडेला खिळ्यानं ओढलेल्या रेघा होत्या.

ती जवळ गेली. काठी भिंतीला टेकवली. आणि तिचा उजवा हात उठला. कोपरातून, खांद्यातून, कुणी न उचलता, हळूहळू वर आला आणि बगळ्याच्या मानेवर जाऊन बसला. झटक्यानंतर एवढ्या उंचीवर तो हात कधी गेला नव्हता. डॉक्टरीण असती तर तिनं टाळ्या वाजवल्या असत्या. पाखरवाल्याला ते दिसलं आणि त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"छान झालाय," मावशी म्हणाली.

"असं म्हणू नको. ओरड माझ्यावर."

वळलेल्या मानेवरून तिचा हात खाली घसरत सुईच्या दांडीपर्यंत गेला, आणि मग दमून गळून पडला.

"सोडवतो मी हे," तो म्हणाला. "उद्याच घेतो सोडवायला. वाचनालयाला दुसरं काहीतरी..."

"बीड आहे. फुटेल. मला काय सांगता, तुमच्या तोंडून ऐकत म्हातारी झाले."

"तू हो म्हणाली होतीस," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला आपली जीभ तोडून टाकावीशी वाटली.

"म्हणाले होते. पहिल्यांदा म्हणाले होते." तिनं डाव्या हातानं फळी दाखवली. "या झारीसाठी तीनदा विचारायला जाल. त्या कुबडीसाठी जाल. मला एकदा. का हो?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

त्यानं टेबलावरचा पाना उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"मी सांगू? तुम्हाला वाटलं, हा हात आता काही उठत नाही. डॉक्टरीण म्हणत होती उठेल. लेक म्हणत होती उठेल. मी येडी तिकडं चेंडू दाबत बसले होते, आणि तुम्ही इकडं माझं मशीन कापत होतात. इतकी वर्षं थट्टा केली मी, बकध्यान म्हणून. तुम्ही खरंच वाट बघत होतात की. मला तुम्ही आधीच भंगारात धरलं."

नाही म्हणायला त्याचं तोंड उघडलं. पण जे तिसरं कारण त्यानं स्वतःला सांगायचं टाळलं होतं, ते तिनं उचलून त्याच्यासमोर ठेवलं होतं, आणि ते खरं होतं. त्यानं तिच्या हाताची आशा सोडली होती. वाईट मनानं नाही, कंटाळूनही नाही. मोडलेल्या वस्तू बघायची सवय झालेल्या डोळ्यांनी एकदा बघितलं आणि सोडली. तो रडायला लागला. मावशी रडली नाही. तिनं काठी घेतली, पिशवी खांद्यावर नीट केली आणि निघाली. तो मागोमाग गेला, पण तिनं त्याला पिशवी धरू दिली नाही.

बगळा वाचनालयाच्या आवारात गेला. हौदाच्या कडेला, पाण्यात बघत उभा. लोकांनी फार कौतुक केलं. वाचनालयाच्या बाईंनी विचारलं, "मावशी नाही आल्या?" पाखरवाला म्हणाला, "तिला बरं नाही." लोक त्याच्याशी हात मिळवत होते आणि त्याला आपले हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. मावशी त्याला वेळेवर हाक मारायची, जेवलात का विचारायची, सगळं नीट. थट्टा मात्र संपली. नळ गळत होता, तरी त्याबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही. शेवटी त्यानं आपणहून पाना घेऊन तो दुरुस्त केला. लेकीनं विजेवर चालणारं नवं मशीन पाठवलं, ते खोक्यातच राहिलं. पडदे बाहेरून शिवून घेतले. लेकीनं फोनवर दाखवले तर एका पडद्याची खालची दुमड सरळ नव्हती, पाखरवाल्यालासुद्धा दिसली. मावशी म्हणाली, "छान दिसतायत," आणि फोन त्याच्याकडे दिला.

चेंडू तिनं सोडून दिला होता. डॉक्टरीण रागावली, मग समजावून बघितलं, मग पाखरवाल्याला बाजूला घेऊन म्हणाली, "इतका छान हात येत होता, काका. काय झालं एकदम?" त्यानं तिलाही सांगितलं नाही. हात पुन्हा मांडीवर परक्यासारखा पडून राहायला लागला.

आणि मग एक दिवस तळ्यावरून तो गॅरेजात आला तर थांब्याच्या फळीवर, झारी आणि घड्याळाच्या मध्ये, तो लाल चेंडू होता. दार बंद होतं, कुलूप जागच्या जागी. दुसरी किल्ली घरात असायची. तो तळ्यावर असताना ती एकटी इतकं चालत आली होती, चेंडू फळीवर ठेवला होता आणि एकटीच परत गेली होती. तो तिथंच स्टुलावर बसला. त्या दिवशी त्यानं कामाला हात लावला नाही.

दुपारी घरी गेल्यावर त्यानं विचारलं. विचारणं भागच होतं, रीत तिचीच होती.

"चेंडू... परत लागणार नाही ना?"

"नाही," ती म्हणाली.

काही दिवस त्यानं जाऊ दिले. मग पुन्हा विचारलं. ती डाव्या हातानं कपड्यांच्या घड्या घालत होती.

"नाही म्हटलं ना," ती म्हणाली. पण वर बघितलं नाही. दुसऱ्यांदा माणूस काय म्हणून देतो, हे त्या घरात दोघांनाही पाठ होतं.

फळीवरच्या बाकीच्या वस्तू आल्या तशा गेल्या. झारीची पाणकोंबडी झाली. कुबडी तिच्या मालकानं परत नेली. चेंडू मात्र राहिला. पाखरवाल्यानं एक नवीनच चाळा लावून घेतला. सकाळी तळ्यावर जायच्या ऐवजी तो गॅरेजात जायचा, फळीवरून चेंडू उचलून खिशात घालायचा आणि घरी यायचा. चहा करायचा. मावशीच्या कपाशेजारी, उजव्या बाजूला, चेंडू ठेवायचा आणि समोर बसायचा. चहा झाला की चेंडू पुन्हा खिशात, पुन्हा फळीवर. तिसरं विचारणं झालेलं नाही तोवर वस्तू फळीवरच राहणार. आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही तर ती वस्तू भंगार होत नाही, एवढंच आता त्याच्या हातात उरलं होतं.

पहिले काही दिवस मावशीनं तिकडं बघितलंही नाही. मग एका सकाळी म्हणाली, "तिसऱ्यांदा विचारायचं राहिलंय तुमचं."

"हो."

"मग विचारा की."

"उद्या विचारतो."

"काल पण मनात उद्याच होतं तुमच्या."

"हो," तो म्हणाला.

ती चेंडूकडे बघत राहिली. तो समोर हलला नाही, बोलला नाही. बकध्यान म्हणून ती त्याला चिडवेल असं त्याला क्षणभर वाटलं. तिचा उजवा हात मांडीवर होता. मग तिनं डावा हात पुढं करून कप उचलला आणि हळूहळू चहा प्यायली. कप रिकामा होईपर्यंत तो थांबला, मग चेंडू खिशात घालून गॅरेजकडे निघाला.